लहाना लाल आहे

२२ ऑक्टोबर १९८८, शनिवार

दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानातून ही निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. रंभा म्हणाली, "रोज घरी येऊन मलेच बॉयलर सांगत राह्यता. आता हिले सांगा." बायकोने कानांना सुट्टी मागितली, म्हणून आजपासून लिहितो.

सुरुवात काही धड नाही. तीन दिवस रजा काढून दसऱ्याला नागपूरला गेलो होतो. आज हजर झालो, कंट्रोल रूममधलं कपाट उघडलं, तर लहाना लाल.

वहीला कळावं म्हणून सांगतो. चिमूर-वरोरा रस्त्यावर जंगलात आमचा कागद कारखाना आहे. बांबू शिजवला की काळा रस उरतो. तो मोठ्या बॉयलरमध्ये जाळायचा, त्याच आगीवर वाफ करायची. जळून उरलेला क्षार तळाशी वितळून निखाऱ्यासारखा लाल होतो आणि धारेने खाली पडतो. त्या लाल रसावर बॉयलरच्या नळीतलं पाणी सांडलं तर बॉयलर फुटतो. मुंबईच्या शिकवणीत अशा एका बॉयलरचा फोटो दाखवला होता. फोटोत बॉयलर नव्हता, नुसती जागा होती.

असं होऊ नये म्हणून कपाटात शेजारी शेजारी दोन प्रोसेसर आहेत. दोघं एकच काम करतात. पाणी कमी झालं, आग भडकली, की इंधन तोडायचं. एक मेला तर दुसरा क्षणभरही न थांबता सांभाळतो. प्रत्येकाच्या तोंडावर एक दिवा असतो, चालू असला की हिरवा, मेला की लाल. डाव्याला लोक मोठा म्हणतात, उजव्याला लहाना. दोघं एकाच पेटीतून आलेले, एकाच वयाचे, पण नावं आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर भैयाजी यांनी ठेवली आणि ती चिकटली.

हे कपाट इथे फक्त मला कळतं. फुशारकी नाही, कारखान्याने मुंबईला पाठवला तो मी एकटाच. श्रावणात मी सगळ्यांना गोळा करून चालू बॉयलरवर लहाना खाचेतून ओढून हातात धरून दाखवला होता. "पाहा, काही होत नाही! काढा, पुसा, परत बसवा. मोठा आहे ना!" लोकांनी तोंडात बोटं घातली. उंदीरवाड्यांच्या गुलाबने, म्हणजे मी, पहिल्यांदा एवढ्या लोकांना गप्प केलं.

तर तो लहाना आज लाल. भैयाजी होळीला निवृत्त होणार. मला बघताच म्हणाले, "दसऱ्यापासून लाल हाये. म्या हात नाई लावला, बरं."

मी कुठे विचारलं होतं? पण माणूस असा आहे, मशीन बिघडलं तर स्वतःलाच अपराधी समजतो.

माथुर साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मुंबईला फोन करून नवा प्रोसेसर मागवला. तो येऊन बसेपर्यंत मी गेटच्या बाहेर पाय ठेवायचा नाही. झोपायचं वर्कशॉपमध्ये. "तुमच्याशिवाय कोणाला कळतं?" म्हणाले. ऐकून छाती फुगली आणि मग लक्षात आलं की ही शिक्षा आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार

गेटसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे आमची क्वार्टरं. माझ्या घराचं दार इथून दिसतं. चौकीदाराने फळ्यावर खडूने माझं नाव लिहून ठेवलंय, चोराचं लिहावं तसं.

रंभा डबा घेऊन आली. गजाआडून दिला.

"ताडोबातला वाघ मोकळा फिरून राह्यला, अन् माहा नवरा पिंजऱ्यात," म्हणाली.

"थोडे दिवस," मी म्हणालो.

"पत्रू तं खालीच हाये ना, धारेपाशी?" हसता हसता तिने विचारलं आणि मग हसली नाही.

पत्रू तिचा धाकटा भाऊ. मीच शब्द टाकून त्याला लावला. बॉयलरच्या तळाशी लाल रसाची धार पडते, ती तुंबू नये म्हणून सळईने टोचत राहायची, हे त्याचं काम. कपाटातला मोठा चुकला तर पहिला पत्रू. मी तिला सांगितलं, मोठा मजबूत आहे. सांगताना गजावरचा गंज नखाने खरवडत होतो.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

नवा अजून आला नाही. दिवसभर मोठ्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसतो. बघण्याने काही होत नाही, पण नजर काढली तर काहीतरी होईल असं वाटतं.

कॅन्टीनमध्ये कुजबुज आहे. "सनाच्या दिवशी यंत्राले सोडून गेला, यंत्र रुसलं." माझ्या पाठीमागे बोलले, पण ऐकू येईल एवढं मोठ्याने. यंत्र रुसत नाही, बिघडतं, असं सांगावंसं वाटलं. सांगून उपयोग नव्हता. त्यांना यंत्राबद्दल बोलायचंच नव्हतं.

भैयाजीच खेकसले, "काऊन रे, तुमाले कामं नाई का? तो आपल्या सनाले गेला, तुमी आपल्या सनाले होते. चला!"

हा एकच माणूस. मी इथे लागलो त्या पहिल्या दिवशी कॅन्टीनच्या बाकावरून दोघं-तिघं हळूच सरकले होते. भैयाजींनी आपला डबा आणून माझ्यासमोर उघडला आणि माझ्या डब्यातला ठेचा न विचारता उचलला. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आता आपली ड्युटी संपली तरी घरी जात नाहीत, माझ्याजवळ बसतात. त्यांच्या बायकोने, कलाबाईंनी केलेली वांग्याची भाजी रोज आणतात.

आज खाता खाता विचारलं, "गुलाब, नवा बसला का ठीक होईन ना सारं? पयल्यासारखं?"

"होईल."

"अन् समज, त्या खाचेत थोडं पानी गेलं असन तं?"

मला हसू आलं. "भाऊ, कपाटाला दार आहे, दाराला कुलूप आहे. पाणी कुठून जाईल?"

ते हात धुवायला उठले. बराच वेळ धूत होते.

३१ ऑक्टोबर, सोमवार

नवा आला! थर्माकोलमध्ये गुंडाळून, नव्या नवरीसारखा.

बसवणं सोपं नाही. नवा कोरा असतो. खाचेत बसला की तो मोठ्याकडून सगळं शिकून घेतो आणि मग दोघं बरोबरीने चालतात. भीती एकच आहे, शिकवणारा आणि शिकणारा यांची अदलाबदल झाली तर कोरा आपला कोरेपणाच मोठ्याला शिकवेल. मग दोघेही कोरे आणि खाली लाल रस. म्हणून आधी मोठ्याचा खटका 'शिकव' वर आहे ना ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि भैयाजींनाही पाहायला लावलं. अंगातली वीज प्रोसेसरला लागू नये म्हणून मनगटाला जमिनीची तार बांधली. सकाळचीच वेळ होती तरी शर्ट भिजला.

लाल लहान्याला काढलं. नवा सरकवला, कट् झालं. पिवळा दिवा लागला, म्हणजे शिकतोय. सगळे श्वास रोखून. मग लाल.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला. लाल.

मागून कोणीतरी म्हणालं, "यंत्राले हात चालत नाई म्हणते त्याचा." मी वळून पाहिलं नाही. भैयाजी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. त्यांचाही चेहरा उतरला होता. माझी फजिती त्यांना बघवली नसावी.

१ नोव्हेंबर, मंगळवार

उलगडा झाला, आणि झाला नसता तर बरं, असा.

वर्कशॉपमध्ये शिकवणीचा एक रिकामा सांगाडा पडून आहे. त्यात जुना लहाना बसवला. हिरवा! ठणठणीत. नवाही हिरवा. म्हणजे दोघांचा दोष नाही, दोष कपाटातल्या खाचेत. बॅटरी मारून खाचेत डोकावलो. आत, बारीक पिनांच्या मध्ये, पिवळट काहीतरी लेपासारखं सुकून बसलंय. बोट पोचत नाही, शर्टाची बाही तेवढी घासली गेली. बहुतेक तारांना कथलाचा डाग देताना वापरतात ती राळ असावी, कंपनीने नीट पुसली नाही. मुंबईवाल्यांना असा झाडणार आहे की पुन्हा नाव काढणार नाहीत.

वाईट गोष्ट पुढे आहे. खाच कपाटाच्या पाठीला. ती साफ करायची तर कपाटाची वीज तोडावी लागते. वीज तोडली की मोठाही बंद, म्हणजे बॉयलर बंद करावाच लागतो. आणि हा लेप दमट हवेत ओलसर होऊन मोठ्याच्या तारांपर्यंत गेला तर तोही बहकेल.

माथुर साहेबांकडे गेलो. बॉयलर दोन दिवस बंद ठेवा म्हणालो.

"जानेवारीत वार्षिक शटडाउन आहे, तेव्हा करू."

"तोवर एकावरच चालवायचं, सर?"

"चल रहा है ना?"

"चल रहा है, सर, पण..."

"तो चलने दो."

चालतंय तोवर मी खोटा, आणि बंद पडेल तेव्हा खरं ऐकायला कोणी उरणार नाही. हे साहेबांना सांगायला हवं होतं. जिन्यात आल्यावर सुचलं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

रंभाने परवाचा शर्ट धुवायला नेला होता. आज गेटवर डब्यासोबत तो शर्टच घेऊन आली.

"हे काय लावून आनलं बाहीले?"

बाहीवरचा पिवळा डाग आता भडक लाल झाला होता.

"राळ आहे. कंपनीची."

"राळ नाई न् फाळ नाई. हळद हाये थे. हळदीले साबन लागला का लालच होते. माय शिकवते हे पोरीले, तुमाले मुंबईत नाई शिकवलं?"

गजाला धरून उभा राहिलो. हळद. कपाटात हळद.

मग एकेक डोळ्यांसमोर आलं. दसऱ्याला हे लोक आपली हत्यारं जागेवरून काढतात, पाटावर मांडतात, धुतात, हळदकुंकू लावतात, पुन्हा जागेवर ठेवतात. नांगर, कुऱ्हाड, पाना, सगळं. जागेवर असलेल्या हत्याराची पूजा होत नाही, ते खाली घ्यावं लागतं. मी नसताना कोणीतरी कंट्रोल रूममधल्या खिळ्यावरची किल्ली घेऊन कपाट उघडलं आणि लहाना खाचेतून काढून पाटावर बसवला. ओली हळद लावली, पाण्याचा शिंतोडा दिला आणि तसाच ओला परत खाचेत सारला. मोठ्याला हात लावला नाही, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं की एक काढला तर चालतं. कुठून ठाऊक, कोण जाणे! अर्धवट ज्ञान वाईट.

कंट्रोल रूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "दसऱ्याला लहान्याला कोणी हळद लावली?"

एक जण नोंदयंत्रातली कागदाची पट्टी फाडत म्हणाला, "आता हळदीनं मशीन बिघडते म्हणते. इतकी वर्सं कारखान्यात पूजा होऊन राह्यली, काई बिघडलं नाई. ह्यायले आपला देवच चालत नाई."

झालं. आता मी काहीही म्हटलं तरी ते हळदीबद्दल नाही, देवाबद्दल होणार. पिना, खाच, तारा हे कोणालाच दिसणार नाही, फक्त मी दिसणार. भैयाजींकडे पाहिलं, तुम्ही तरी बोला म्हणून. ते पाण्याच्या काट्याकडे बघत होते.

माथुर साहेबांना सांगितलं तर हात जोडले. "पूजा की बात मत निकालना भाई. झगडा हो जाएगा." बॉयलर फुटलेला चालेल, झगडा नको.

५ नोव्हेंबर, शनिवार

भैयाजी दोन दिवस बोलले नाहीत. डबाही नाही. जिन्यात समोरून आले, मला पाहून परत फिरले.

वाईट वाटलं, लिहायला लाज कशाची. इतकी वर्षं भाऊ भाऊ केलं, आणि हळदीचं नाव काढताच तेही त्या बाकावरून सरकले. शेवटी तेही त्यांचेच. मीच खुळा, की एका ठेच्यावर एवढा इमला बांधला.

दुपारी मोठ्याचा दिवा लुकलुकला. एकदाच. हिरवा गेला, हिरवा आला. आणि कोणीच पाहिला नाही, माझ्याशिवाय.

धावत माथुर साहेबांकडे. ते म्हणाले, "तुम्ही झोपत नाही, म्हणून तुम्हाला दिवे लुकलुकताना दिसतात."

७ नोव्हेंबर, सोमवार

खाली धारेपाशी गेलो. पत्रू तोंडाला फडकं बांधून सळई मारत होता. लाल रस गडगडत पडतो तिथे बोलायचं म्हणजे कानात ओरडावं लागतं. सळई काढून घेऊन त्याला बाजूला ओढलं.

"सुट्टी काढ. आजारी पड. घरी जाय."

"काऊन?"

सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्या गेलो तं इथी दुसरा कोनी उभा राह्यीन ना, भाऊजी?"

"राहील."

"त्याले तुमी सांगनार?"

मी सळई या हातातून त्या हातात घेतली.

"मंग सळई द्या इकडे. तुंबून राह्यलं थे."

मी नोकरी सोडू शकतो. राजीनामा दिला तर खडूने लिहिलेलं नाव पुसावंच लागेल, दहा पावलांवर घर आहे. पण मी गेलो की त्या कपाटाकडे बघणारा एकही डोळा उरत नाही. रंभाला तोंड काय दाखवू? गेट बंद आहे म्हणून मी आत आहे असं इतके दिवस वाटत होतं. ते उघडं असतं तरी मी आतच राहिलो असतो, हे आज कळलं, आणि त्याने जास्तच गुदमरल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर, बुधवार

घाईघाईने लिहितोय. अक्षर वाईट येईल.

आज दिवाळी. जेवणाची सुट्टी व्हायची होती. वर्कशॉपमध्ये सांगाड्याशी बसलो होतो. एकदम भोंगा. साधा नाही, तुटक तुटक वाजणारा, म्हणजे बॉयलरमध्ये पाण्याची गळती. त्या भोंग्याला एकच नियम आहे, सगळं टाकून पळायचं. इंधन तोडतात, पाणी काढून टाकतात, आणि मग देव जाणे.

पळालो. गेट सताड उघडं होतं, चौकीदार माझ्यापुढे पळत होता. रस्त्यापलीकडे बायका पोरांना काखेत घेऊन जंगलाकडे चालल्या होत्या. रंभा मात्र गेटकडे येत होती, लोकांच्या उलट. मला पाहिलं आणि माझ्या मागे बघू लागली. दोघंही तिकडेच बघत राहिलो. धारेवरची माणसं सगळ्यांत शेवटी निघतात. राखेने पांढरा झालेला पत्रू दिसला तेव्हा ती मटकन रस्त्यात बसली.

बॉयलर फुटला नाही. हळूहळू थंड झाला. भोंग्याचा खटका भैयाजींनी मारला म्हणे. नळीतून पाण्याचा सूं सूं आवाज ऐकला म्हणाले.

नशीब म्हणतात ते हेच. गळतीच्या निमित्ताने का होईना, बॉयलर बंद आहे. आता कोणाला न विचारता खाच साफ करतो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

कपाटाची वीज तोडली. बारीक ब्रश आणि स्पिरिटने खाच धुतली. कापसाचा बोळा पिवळाधम्मक निघाला. एक पिन वाकली होती, ती चिमट्याने सरळ केली. वीज दिली. मोठा हिरवा. नवा सरकवला, पिवळा, पिवळा, पिवळा... हिरवा. दोन दिवे शेजारी शेजारी. बाजूला कोणीच नव्हतं म्हणून रडून घेतलं.

कोणीच नव्हतं असं मला वाटलं. मागे भैयाजी उभे होते.

"बसला?" विचारलं.

"बसला. भाऊ, तुमच्या कानांनी वाचवलं."

ते स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आवाज नोता, गुलाब."

"म्हणजे?"

"गळती नाई, आवाज नाई. तू सायबाच्या मागं फिरून फिरून थकला. तुह्यासाठी थो बॉयलर बंद नाई करनार, माह्यासाठी बी नाई. पन पान्याची शंका म्हटली का कोनाच्या बापाले पुसाचं काम नाई. म्हून मारला खटका."

मग त्यांनी दुसरं सांगितलं.

"अन् हळद म्याच लावली होती. तू श्रावनात दाखवलं ना, काढा, पुसा, बसवा, काई होत नाई. म्हटलं, एवढा राखनदार आपला, त्याले सनाच्या दिवशी पाटावर बसवाव. तुले बी बरं वाटन. लाल झाला तवा धाकधूक झाली. तू हळदीचं नाव काढलं तवा तुह्यासमोर उभं राहाची हिंमत नाई झाली."

त्यांचे हात धरले. त्यांच्यावर रागवायला माझ्याकडे काही नव्हतं. पाच तारखेचं पान फाडून टाकावंसं वाटलं, पण ते ठेवतो. असा विचार मी केला होता, हे मला माहीत असलेलं बरं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

नळ्या तपासल्या. गळती नाही. चौकशी बसली. खोटा भोंगा वाजवून कारखाना बंद पाडला, म्हणून भैयाजी समोर.

मला आधी आत बोलावलं. माथुर साहेबांनी विचारलं, भैयाजींना आवाज आला होता का?

रात्रभर घोकून ठेवलं होतं. म्हणालो, "मीही ऐकला, सर. मीच आधी ऐकला. भैयाजींना मीच सांगितलं."

दोघांनी ऐकला म्हटल्यावर भोंगा खोटा ठरत नाही, असा माझा हिशेब. शंका यायला कोणाची बंदी आहे? होळीपर्यंत माणूस इज्जतीने राहील आणि हारतुरे घेऊन घरी जाईल. आयुष्यात साहेबासमोर खोटं बोलताना जीभ अडखळली नाही ती पहिल्यांदाच.

मग मला दारात थांबवून भैयाजींना आत घेतलं. दार उघडं होतं आणि बाहेर अर्धी शिफ्ट जमली होती. भैयाजी बसले नाहीत. दाराकडे तोंड करून, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज नोता. म्या खोटा भोंगा वाजवला. दसऱ्याले लहान्याले काढून पाटावर बसवला म्या, हळद लावली म्या, पानी शिंपडलं म्या. त्यानंच खाच बिघडली. गुलाबनं पयल्या दिवसापासून जे सांगितलं थे सारं खरं हाये. अन् थो भोंग्याच्या वक्ती वर्कशापात होता. माह्यासाठी खोटं बोलून राह्यला थो."

माथुर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. भैयाजींना कामावरून कमी केलं. मला काही केलं नाही. "तुमच्याशिवाय कोणाला कळतं?" पुन्हा तेच म्हणाले, पण या खेपेला हसत. मी त्यांच्यासमोर खोटा पडलोय. आता कधी बॉयलर बंद करा म्हणायला गेलो तर ते हसू पुढे येईल.

२० नोव्हेंबर, रविवार

भैयाजींनी क्वार्टर रिकामं केलं. चिमूरजवळ त्यांचं गाव आहे. दारात बैलगाडी उभी. मला बाहेर जायची मुभा कधीच मिळाली आहे, तरी त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता जड गेला. कलाबाई भांडी पोत्यात भरत होत्या, मला पाहून पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. सामान चढवायला माणसं आली होती. हळदीवरून मला बोलणारा तोही होता. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

भैयाजी ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते. मी खाली पायरीवर बसलो आणि राहवलं नाही.

"भाऊ, मी सगळं नीट जमवून आणलं होतं. तुम्ही गप्प राहिला असता तर वाचला असता. काऊन बोलले?"

त्यांनी पान दुमडलं, पण तोंडात टाकलं नाही.

"म्या गप राह्यलो असतो, मंग? पुढच्या दसऱ्याले म्या नसतो. दुसऱ्या कोनी लहान्याले पाटावर बसवलं असतं. तू आडवा गेला असता तं हे म्हनले असते, याले देव चालत नाई म्हून सांगते. तुह्यं कोनी आयकलं असतं?"

"नाही."

"नाईच. ह्यायच्यातल्याच कोनी सांगितलं तरच हे आयकते. थे मलेच सांगा लागे, गुलाब. अन् नोकरी राखून सांगितलं असतं तं म्हनले असते, सायबानं वदवून घेतलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि उठले. गाडीजवळ सामान चढवणाऱ्या त्या माणसाला हाक मारली. "ए, पुढच्या दसऱ्यापासून पूजा दार लावून, बाहेरून करायची. आत हात नाई. आयकलं ना?"

"हो, भाऊ," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "याले इचारूनच करू."

खाट तेवढी चढवायची राहिली होती. एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने मी.